चिठ्ठी वाचता येईना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

घरातल्या जुन्या, न उलगडणाऱ्या चिठ्ठ्यांबद्दल खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रं इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न (चोपडा) : माळ्यावरच्या लाल बांधणीच्या चोपडीत घडी घातलेली चिठ्ठी सापडली. प्रत्येक ओळीवर आडवी रेघ, तिला लोंबणारी गिचमिड अक्षरं, शब्दाशब्दांत जागा नाही. उजव्या कडेला एकाखाली एक ७॥=, १२।, ॥।- अशा खुणा आणि त्यांच्याखाली २०॥≡. शेवटी ‘संवत १९७५’ एवढंच वाचता येतं. गल्लीत सगळे म्हणतात, पुरलेल्या धनाचा कोड आहे. कसा फोडायचा?

उत्तर : फोडायचं काही नाही, वाचायचं आहे. अक्षरं मोडी आहेत आणि खुणा रुपये-आण्यांच्या. आकड्यापुढची उभी काडी म्हणजे चार आणे, आडवी काडी म्हणजे एक आणा. ७॥= म्हणजे सात रुपये दहा आणे, १२। म्हणजे बारा रुपये चार आणे, ॥।- म्हणजे तेरा आणे. सोळा आण्यांचा रुपया धरून बेरीज करा : वीस रुपये अकरा आणे. तुमच्या चिठ्ठीच्या तळाशी २०॥≡ आहे, म्हणजे तेच. बेरीज जुळली की वाचन बरोबर, याहून भक्कम पुरावा कुठल्याच कोडला मिळत नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्यानंतर ही पद्धत हळूहळू गेली. त्यामुळे आज पन्नाशीच्या आतल्या माणसाला त्या काड्या गूढ वाटल्या तर नवल नाही.

एक गफलत नेहमी होते. ॥ ही खूण आकड्यानंतर आली तर आठ आणे, पण अक्षरानंतर आली तर शब्द आखडलेला असतो : मु॥ पो॥ म्हणजे मुक्काम पोस्ट, ता॥ म्हणजे तालुका किंवा तारीख, रा॥ म्हणजे राजश्री. पैशाऐवजी माल असेल तर पाव-अर्धा तसाच वाचायचा. १२। मण म्हणजे सव्वाबारा मण, चाळीस शेरांच्या मणाने बारा मण दहा शेर. मात्र मण गावोगाव वेगळा होता, तेव्हा लगेच किलो काढत बसू नका.

आता तारीख. संवत आहे, शक नाही. म्हणजे वही गुजराती किंवा मारवाडी वळणाच्या पेढीची असावी. त्यांचं हिशेबी वर्ष दिवाळीला सुरू होतं. संवत १९७५ म्हणजे १९१८ च्या दिवाळीपासून १९१९ च्या दिवाळीपर्यंत. पेढी मारवाडी असेल तर आणखी एक खोच : त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांची कार्तिक वदी ती आपली आश्विन वद्य. एवढ्यावरून महिनाभराची चूक होते आणि मग ‘तारखा जुळत नाहीत, म्हणजे नक्की सांकेतिक आहे’ असे तर्क सुरू होतात. इतर कागदांवर इसवी सन काढायचा तर : शकात ७८ मिळवा (जानेवारी ते फाल्गुन ७९), फसली म्हणजे महसुली सालात ५९०-५९१, जुन्या मराठी दप्तरांतल्या सुहूर सनात ५९९-६००. ‘छ’ आणि पुढे आकडा दिसला तर ती मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख. सुहूर सन आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतो : सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, मया शंभर, अलफ हजार. हे शब्द माहीत नसलेल्याला तो मंत्र वाटतो.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत, म्हणून आधी ओळखीचे शब्द शोधा : गावाचं नाव, घराण्याचं आडनाव, महिना. ओळीवर रेघच नसेल आणि काना-मात्रेही नसतील, तर ती मारवाडी पेढ्यांची मुडिया असू शकते. तिच्याबद्दलचा जुना विनोद सर्वांना ठाऊक आहे : ‘काका अजमेर गया’ लिहिलं, घरच्यांनी ‘काका आज मर गया’ वाचलं आणि रडारड सुरू झाली. ती लिपी वाचायला संदर्भच लागतो, नुसती अक्षरओळख पुरत नाही.

प्रश्न (भडगाव) : आमच्या महानुभाव घरातल्या पोथीतली काही पानं अक्षरांवरून देवनागरी दिसतात, पण वाचलं तर एकही शब्द लागत नाही.

उत्तर : ही खरी गुप्तलिपी असू शकते. महानुभावांनी आपलं वाङ्मय सकळ, सुंदरी अशा कित्येक सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या खटपटीने सकळ लिपीची किल्ली अभ्यासकांना मिळाली. त्यामुळे तुम्ही पुन्हा शून्यापासून अक्षरं मोजू नका. पानांचे फोटो घेऊन धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात किंवा महानुभाव मठातल्या जाणत्या महंतांकडे जा. राजवाड्यांचं निधन १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच झालं आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ उभं राहिलं.

अक्षरांची अदलाबदल करण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत गूढ लेखन आहे आणि त्यावरच्या यशोधराच्या टीकेत ‘मूलदेवीय’ नावाची पद्धत दिली आहे. तिच्यात अक्षरांच्या जोड्या : न-म, त-प, ल-स वगैरे. ‘नाम’ लिहायचं तर ‘मान’, ‘लाल’ लिहायचं तर ‘सास’. तुमच्या पानावर या तीन जोड्या लावून बघायला पाच मिनिटं पुरतात. नाही जमलं तर सोडून द्या.

प्रश्न (पारोळा) : वडिलांच्या कापड दुकानात जुन्या ताग्यांच्या चिठ्ठ्यांवर ‘णतद’, ‘गपदम’, ‘पमम’ असं लिहिलेलं आहे. वडील नाहीत, मुनीमही नाहीत. काय असेल?

उत्तर : खरेदीची किंमत. गिऱ्हाइकासमोर चिठ्ठी वाचता यावी पण त्याला कळू नये, यासाठी दुकानदार दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द किंवा वाक्य ठरवतो आणि अक्षरांना १ ते ९ आणि शेवटी ० देतो. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, त्याचाच हा लेखी भाऊ.

किल्ली काढायला तीस-चाळीस चिठ्ठ्या जमवा. प्रत्येकीतलं शेवटचं अक्षर वेगळ्या रकान्यात लिहा. तिथे दोन अक्षरं बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त येतील : ती ० आणि ५. त्यांतलं जे सुरुवातीला कधीच येत नाही ते शून्य. मग पहिल्या अक्षरांचा रकाना करा. तिथे वारंवार येणारी अक्षरं बहुधा १, २, ३. ज्या चिठ्ठीवर विक्रीचा आकडाही उघड लिहिलेला आहे, ती सोन्यासारखी जपा. खरेदी विक्रीपेक्षा थोडी खाली असणार, म्हणून एका चिठ्ठीवरून दोन-तीन अक्षरं पक्की होतात. सात अक्षरं लागली की आठवं-नववं शब्दच सांगतो, कारण किल्ली बहुधा देवाचं नाव किंवा पेढीचं नाव असते.

तुम्ही पाठवलेल्या तीन चिठ्ठ्यांवरून किल्ली सिद्ध होत नाही, पण एक अंदाज करून बघा : ‘गणपती देव सखा राम’. काना-मात्रा सोडल्या तर ग ण प त द व स ख र म, दहाही अक्षरं वेगळी. ग एक, म शून्य. मग णतद २४५, गपदम १३५० आणि पमम ३००. शून्य शेवटी येतंय, सुरुवातीला नाही, हे ठीक दिसतं. आणखी वीस चिठ्ठ्यांवर हाच हिशेब विक्रीच्या आकड्याखाली राहतो का ते पाहा. एकीतही खरेदी विक्रीच्या वर गेली तर आधी ती चिठ्ठी तपासा, तीन-चारांत गेली तर किल्ली टाकून द्या.

चुका कुठे होतात? काही दुकानदार लागोपाठ तोच आकडा आला तर दुसऱ्या जागी अकरावं अक्षर टाकतात. काही हुंडेकरीसाठी, म्हणजे मालवाहतुकीच्या खर्चासाठी, शेवटी वेगळं अक्षर जोडतात. भाऊ वेगळे झाले की किल्ली बदलते, म्हणून एका काळच्याच चिठ्ठ्या एकत्र घ्या. १९५७ च्या आधीच्या असतील तर शेवटी आणेही असतील, मग वरची ०-५ ची युक्ती लागू पडत नाही.

प्रश्न (शिरपूर) : चुलत आजोबांची तीन पानं आहेत, साधारण १९५० ची. गोल, त्रिकोण, ठिपके अशी स्वतः बनवलेली चिन्हं. एकूण सहाशेच्या आसपास, त्यांत ४१ प्रकार. शब्दांत जागा सोडली आहे. मराठीतल्या ‘आहे’, ‘चा-ची-चे’ वरून खूप प्रयत्न केले, काही जमत नाही.

उत्तर : सामग्री उत्तम आहे. सहाशे चिन्हं आणि शब्दांत जागा, हे हौशी माणसाला क्वचित मिळतं.

प्रकार ४१ हा आकडाच बरंच सांगतो. दहा-बारा प्रकार असते तर आकडे समजा. शंभरच्या वर असते तर बाराखडीतल्या प्रत्येक अक्षराला वेगळं चिन्ह. पस्तीस ते पंचावन्नच्या दरम्यान असेल तर व्यंजनं वेगळी आणि काना-मात्रा वेगळ्या लिहिल्या आहेत. तुमचं तसंच दिसतं.

आधी पानांची नक्कल करा. प्रत्येक प्रकाराला क्रमांक द्या आणि चौकटीच्या वहीत एका घरात एक क्रमांक लिहा. दोन चिन्हं सारखी वाटतात की वेगळी अशी शंका असेल तर दोन क्रमांक द्या. नंतर दोनाचं एक करणं सोपं, एकाचे दोन करायला सगळं पुन्हा मोजावं लागतं. हौशी लोक सर्वात जास्त इथे घसरतात.

मग काना शोधा. मराठी मजकुरात बहुधा सगळ्यात जास्त वेळा येणारं चिन्ह तेच. तो शब्दाच्या सुरुवातीला कधी येत नाही आणि लागोपाठ दोनदा येत नाही. तिन्ही अटी पाळणारं चिन्ह एकच निघालं तर अर्धी लढाई जिंकली. त्यानंतर १-२-१-२ अशा घडणीचे चार चिन्हांचे शब्द वेगळे काढा, ज्यात २ म्हणजे काना : काका, मामा, दादा, बाबा, नाना. घरगुती लिखाणात ते असतातच. गावाचं नावही वापरा. ‘शिरपूर’ मध्ये सहा चिन्हं, त्यांत तिसरं आणि सहावं सारखं, बाकी सगळी वेगळी. वेलांटी आधी लिहिली असली तरी र च्या जागा बदलत नाहीत. सहा चिन्हांचा असा शब्द पानावर दिसला की पाच अक्षरं एकदम हाती येतात. आणि सुरुवातीला ‘श्री’ असण्याची शक्यता विसरू नका.

व्यंजनांपैकी ण आणि ळ मराठी शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत. जी चिन्हं सुरुवातीला एकदाही दिसत नाहीत, त्यांतून मात्रा वगळल्या की हे दोघे उरतात.

आता तुमची अडचण. तुमचे आजोबा घरी काय बोलत होते? शिरपूरकडचे म्हणजे अहिराणी असण्याची दाट शक्यता, आणि गुप्त वही माणूस पुस्तकी भाषेत लिहील असं नाही. अहिराणीत ‘चा-ची-चे’ नाहीत, ‘ना-नी’ आहेत. ‘आहे’ नाही, ‘शे’ आहे. ‘ला’ ऐवजी ‘ले’, ‘-त’ ऐवजी ‘-मा’. ‘माझा’ च्या जागी ‘मना’, ‘सगळं’ च्या जागी ‘बठ्ठं’. डोळा तिथे ‘डोया’ होतो, म्हणून ळ सापडणारच नाही आणि य वाढेल. लेवा बोलीतही ळ चा य होतो, पण विभक्ती वेगळ्या. यावल-रावेरकडच्या वाचकांनी हे लक्षात घ्यावं. तर आता शब्दांच्या शेवटी येणाऱ्या जोड्या पुन्हा मोजा. वाक्याच्या शेवटी सारखा येणारा दोन चिन्हांचा शब्द ‘शे’ आहे असं धरून सुरुवात करा. मात्रा व्यंजनाआधी लिहिली आहे का नंतर, तेही तिथेच कळेल.

आणखी दोन खड्डे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी ‘कांहीं’, ‘नांव’, ‘तें’ असे अनुस्वार भरपूर होते. आजच्या वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून तुलना केली तर अनुस्वार चुकीच्या चिन्हाला चिकटतो. तुलनेला त्या काळची पत्रं घ्या. आणि संगणकावर मोजत असाल तर ‘क्ष’ हे एक अक्षर यंत्र तीन धरतं : क, हलन्त, ष. जोडाक्षरांचा हिशेब हाताने तपासा.

प्रश्न (धुळे) : आजोबा बेचाळीसच्या चळवळीत होते. त्यांच्या कागदांत २-४७-३, ११-३२-१, १८-६६-२ अशी आकड्यांची ओळ आहे. पहिला आकडा १८ च्या वर जात नाही, दुसऱ्यातला सर्वात मोठा ७२.

उत्तर : गीता तपासा. अठरा अध्याय आणि एका अध्यायात जास्तीत जास्त ७८ श्लोक, या चौकटीत तुमचे आकडे बसतात. पण नुसतं बसणं पुरेसं नाही, प्रत्येक अध्यायाची मर्यादा वेगळी लावा : दुसऱ्यात ७२, अकराव्यात ५५, सहाव्यात ४७, बाराव्यात आणि पंधराव्यात फक्त २०. कुठे १२-३५ असं निघालं तर गीतेचा तर्क तिथेच संपला. तेराव्यात काही प्रतींत ३४ तर काहींत ३५ श्लोक मोजतात, तेवढी सूट द्या.

तिसरा आकडा सगळीकडे लहान असेल तर तो शब्दाचा क्रमांक. ३२ पर्यंत जात असेल तर अक्षराचा, कारण अनुष्टुभ श्लोकात ३२ अक्षरं. मूळ संस्कृत आणि ‘गीताई’ दोन्हींवर लावून बघा. श्लोकांचे क्रमांक तेच, शब्द वेगळे. ‘गीताई’ १९३२ साली धुळ्यातच छापली गेली, तेव्हा आजोबांच्या हाती ती असणं अगदी शक्य आहे. पहिल्या दहा त्रिकुटांतून अर्थ निघाला नाही तर ओढूनताणून काढू नका. असे आकडे जमिनीचे सर्व्हे नंबर-हिस्से किंवा खटल्यांचे क्रमांकही असतात. सातबाऱ्याशी आधी ताडून बघा, ते काम एका दुपारचं.

प्रश्न (भुसावळ) : बावीस चिन्हांची चिठ्ठी आहे. फोटो काढून एआयला विचारलं, तीन वेळा तीन वेगळी उत्तरं आली. तिन्ही अर्थपूर्ण. कुठलं खरं मानू?

उत्तर : एकही नाही. बावीस चिन्हांत प्रत्येक चिन्हाला हवं ते अक्षर द्यायची मोकळीक असेल तर पाहिजे ते वाक्य बसवता येतं. इंग्रजीत साध्या अदलाबदलीच्या कोडला निदान पंचवीस-तीस अक्षरं लागतात. देवनागरीत चिन्हं जास्त, म्हणून साठ-सत्तरच्या खाली आम्ही कोणाच्याही उत्तरावर विश्वास ठेवत नाही. यंत्राचा दोष एवढाच की ते सहसा ‘माहीत नाही’ म्हणत नाही. ते मोजणीला वापरा, अर्थ लावायला नको.

उत्तर खरं आहे का, हे असं पाहा. एका चिन्हाचा सगळीकडे एकच उच्चार हवा. किल्ली पहिल्या अर्ध्यावरून काढा आणि न बदलता दुसऱ्या अर्ध्याला लावा. ‘इथे लिहिणाऱ्याची चूक झाली’ हे वाक्य दोनदा म्हणावं लागलं तर उत्तर गेलं. मग किल्ली दुसऱ्या कोणाला द्या, अर्थ सांगू नका, आणि त्याला तेच वाक्य मिळतं का बघा.

अमेरिकेत ‘झोडिएक’ नावाने पत्रं पाठवणाऱ्या खुन्याचा ३४० चिन्हांचा कोड नोव्हेंबर १९६९ चा. पन्नास वर्षांत त्याची खंडीभर उत्तरं आली. ती सगळी याच चाळणीत अडकली. डिसेंबर २०२० मध्ये डेव्हिड ओरान्चाक, सॅम ब्लेक आणि यार्ल व्हॅन आयकी या तिघांनी तो सोडवला. चिन्हं तिरकी वाचायची होती, म्हणून त्यांनी वाचनाच्या असंख्य वाटा संगणकावर तपासल्या. एका वाटेत वाक्यांचे तुकडे दिसले आणि त्यावरून बाकीचा मजकूर लागत गेला. त्याच माणसाचा आधीचा ४०८ चिन्हांचा कोड मात्र १९६९ मध्येच हार्डन नावाच्या शिक्षकाने आणि त्याच्या पत्नीने घरी बसून फोडला होता. असा माणूस ‘किल’ हा शब्द लिहिणारच, हा त्यांचा अंदाज. त्यातला जोड एल त्यांनी पानावर शोधला. ‘शिरपूर’ मधल्या दोन र ची युक्ती तीच.

आणि कोड निघालाच नाही असंही होतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१३ मध्ये विकत घेतलेल्या एका जुन्या रेशमी झग्याच्या चोरखिशात असंबद्ध शब्दांचे कागद निघाले. हेर, जुगारी असे तर्क झाले. कॅनडातल्या वेन चॅन यांनी दाखवलं की तो १८८८ सालचा हवामानाचा तारसंदेश आहे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून एकेका शब्दात तापमान, हवेचा दाब कोंबलेला. जळगाव-अमळनेरकडच्या जुन्या कापूस पेढ्यांच्या कागदांत पाच-पाच इंग्रजी अक्षरांचे निरर्थक गट दिसले तर हेच समजा. १९०६ च्या बेंटलीच्या कोशासारखी छापील पुस्तकं त्यासाठी मिळत. अशा तारेत अक्षरं मोजून काहीही हाती लागत नाही, कोशच मिळवावा लागतो.

प्रश्न (नंदुरबार) : शेतात सापडलेल्या ताम्रपटावर ‘धनाचा कोड’ आहे, तो वाचून जागा दाखवतो, आधी पूजेचे पैसे द्या, असं एक जण म्हणतो.

उत्तर : देऊ नका. वाचन येणारा माणूस आधी अक्षरं लिहून दाखवतो, पूजा मागत नाही. अघोरी प्रथांविरुद्धच्या २०१३ च्या राज्य कायद्याची त्याला आठवण करून द्या. गुप्तधनाच्या नावाने फसवणूक किंवा अमानुष प्रकार झाला तर थेट पोलिसांकडे जाता येतं. खरंच जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं निघालं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पत्रा खरा जुना असेल तर घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरांच्या कडा जातात. फोटो काढून धुळ्याला मंडळात दाखवा.

प्रश्न (जळगाव) : चिठ्ठीवर पुसट डाग आहेत. लिंबाच्या रसाने लिहिलं असेल म्हणून इस्त्री फिरवावी का?

उत्तर : अजिबात नको. रस असला तर एकदाच तपकिरी दिसेल, कागद कायमचा ठिसूळ होईल, आणि डाग बहुतेक वेळा तेलाचेच असतात. ओला बोळाही नको. काजळाची शाई पाण्याने पसरते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च कागदाच्या कडेला जवळपास आडवा धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. बोरूने दाबलेल्या खुणा सावलीत उठून दिसतात. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआय आणि रंगीतच, कृष्णधवल केलं की शाईतला आणि डागातला फरक जातो. मागची बाजूही घ्या, उलटी प्रतिमा आरशासारखी फिरवून बघा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी नको. वैशाखात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, सुती कापडात सपाट ठेवा. घडी उघडताना कडकड आवाज आला तर तिथेच थांबा आणि उघडी आहे तेवढ्याचाच फोटो आम्हाला पाठवा.